नडगीचं दुखणं आणि माझा तोरा

मित्रांनो, शेपटीकडून गुंडाळलेली, पोट खपाटीला गेलेली मी एक जुनी मलमाची ट्यूब आहे. नाक मुरडू नका! माझा वास उग्र आहे, मला ठाऊक आहे. स्वभावही तसाच आहे.

कारखान्यात यंत्रानं माझ्या पोटात पुदिन्याचं सत आणि निलगिरीचं तेल घातलेलं मलम भरलं आणि शेपटी दाबून टाकली. तिथून मी जाफराबादच्या एका मेडिकलमध्ये आले. खोकल्याच्या बाटल्यांशेजारी दोन महिने नुसती बसून होते. जीव अगदी कंटाळून गेला होता.

एके दिवशी टेंभुर्णीची दीपमाला मला घेऊन गेली. बावीस वर्षांची ही पोर पोलीस भरतीची तयारी करत होती. आठशे मीटर धावणं हा तिचा कच्चा भाग. मागच्या वर्षी अवघ्या काही सेकंदांनी तिची भरती हुकली होती. त्या दिवशी घरी येऊन ती जेवलीसुद्धा नव्हती म्हणे. यंदा काही झालं तरी वेळेत बसायचंच, असं तिनं ठरवलं होतं. जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आम्ही घरी आलो आणि बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर मला जागा मिळाली.

सुरुवातीचे दिवस किती छान होते! सकाळी नागसेन सर शाळेच्या मैदानावर पोरींना पळवायचे. शाळेची नोकरी सांभाळून ते फुकट शिकवायचे. दीपमाला घरी आली की दोन्ही पोटऱ्या ठणकत असायच्या. मग ती पाय धुऊन, पुसून, बोटभर मलम हलक्या हातानं चोळायची. आधी गार, मग ऊन.

"माय, लई बरं वाटून राह्यलं," ती आईला सांगायची.

तिची आई केशरबाई कापूस वेचायला जायची. ती हसून म्हणायची, "तुही ट्यूब लई गुणाची हाये बाई."

हे ऐकून मी अशी फुगायचे की काय सांगू! दुसऱ्या दिवशी पोटऱ्यांचा ठणका उतरायचा आणि मला वाटायचं, पळते ती, पण पळवते मीच.

धावण्याच्या परीक्षेला सहा आठवडे उरले तेव्हा दुखणं बदललं. आता पोटऱ्या नाही, उजव्या पायाची नडगी दुखायला लागली. एकाच जागी. बोट टेकलं तरी दीपमाला दात आवळायची. मी मलम आहे मित्रांनो, मांसाचा थकवा मला कळतो. ही जागा वेगळी आहे हे पहिल्याच दिवशी माझ्या ध्यानात आलं होतं. पण मला तोंड आहे ते फक्त मलम बाहेर यायला!

ती मला मैदानावर नेऊन पळायच्या आधीही लावायला लागली. बोटभर मलमाचं चार बोटं झालं. गारवा असेपर्यंत दुखणं दबायचं, तेवढ्यात ती दोन फेऱ्या जास्त मारायची. सरांनी विचारलं, "पाय बराबर हाय ना?" तर ही बया म्हणाली, "बिलकुल बराबर, सर." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या खोटेपणात मीही सामील होते.

मग आली ती संध्याकाळ. पोर लंगडत घरात आली. तिनं नडगीवर भरपूर मलम थापलं. केशरबाईला राहवलं नाही. तिनं तव्यावर मीठ तापवलं आणि जुन्या फडक्यात पुरचुंडी बांधली. आमच्याकडे काही दुखलं की मिठाचा शेक ठरलेला.

"मलम बी लावलंस, आता शेक बी घे. दुप्पट गुण यील," ती म्हणाली.

अगं नको! मी ओरडले असते. माझ्या पाठीवर तसं छापलंही आहे, मलमावर शेक देऊ नये म्हणून. पण खसखशीएवढी अक्षरं वाचतंय कोण? पुरचुंडी टेकली आणि दीपमाला किंचाळली. पाय धुईपर्यंत कातडी लालभडक झाली होती, दोन फोड आले होते.

"माह्या हातानं पोरीचा पाय भाजला गं!" केशरबाई कपाळ बडवून रडायला लागली. दीपमालाच तिची समजूत काढत बसली.

फोडांवर मला लावता येईना. दोन दिवस मी फळीवरच. आणि मलम नाही म्हटल्यावर दुखणं उघडं पडलं. तिसऱ्या दिवशी ती अंगणातून विहिरीपर्यंतही नीट चालेना. तेव्हा केशरबाईनं फोड टाळून, नडगीच्या कडेनं अंगठा हळूच फिरवला. एका जागी पोर कळवळली.

"हे भाजल्याचं न्हाई. हे आतलं हाये. किती दिस झाले? खरं सांग."

"दहा-बारा," दीपमाला पुटपुटली.

"मंग सांगितलं काहून न्हाई?"

"तू पळू नको म्हणली असती."

मला दाखवायला पिशवीत घेऊन दोघी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी पाय तपासला, हाडाचा फोटो काढला. हाडाला चीर नव्हती, पण कडेला सूज होती. तीन आठवडे पळणं बंद, म्हणाल्या. दुखलं नाही तर सायकल चालव. "मलम थकलेल्या पोटऱ्यांना ठीक आहे. पण एकाच जागी हाड दुखत असेल तर ते झाकायचं नाही, दाखवायचं." माझा तोरा तिथंच उतरला. खरं सांगते, बरंही वाटलं.

घरी येऊन दीपमाला उशीत तोंड खुपसून रडली. नागसेन सर घरी आले, रागावले, आणि मग स्वतःची सायकल तिला देऊन गेले. तीन आठवडे ती सायकलवर. नंतर आधी चालणं, मग थोडं थोडं पळणं. उरलेले दिवस फार थोडे होते.

परीक्षेच्या दिवशी मी तिच्या पिशवीत जालन्याला गेले. पळण्याआधी तिनं मला हातही लावला नाही. नडगी दाबून पाहिली, दुखली नाही, आणि ती गेली. मी अंधारात जीव मुठीत धरून पडले होते. बऱ्याच वेळानं पिशवी उघडली आणि तिनं फोन काढला.

"माय, बसले गं वेळेत! चार सेकंद राखून!"

पलीकडून केशरबाईचं फक्त रडणं ऐकू आलं.

घरी आल्यावर पोटऱ्या ठणकत होत्या. आपलं जुनं, खरं दुखणं! तिनं मला पिळलं तर काही निघेना. मग कात्रीनं माझं पोट चिरलं. आत बोटभर मलम चिकटलेलं होतं. ते ती पोटरीला लावणार, तेवढ्यात कमरेला बांधलेली कापूस वेचायची ओटी सोडून केशरबाई उठली. कमरेवर हात ठेवून, भिंतीला धरून.

दीपमाला बघतच राहिली. "माय, तुही कंबर कधीपून दुखती?"

"तू शाळंत होतीस तवापून."

"मंग सांगितलं काहून न्हाई?"

केशरबाई हसली. माझ्यातलं शेवटचं मलम तिच्या कमरेला लागलं. इतके महिने मी घरात होते, पण तिनं स्वतःसाठी मला एकदाही पिळलं नव्हतं. पोरीचं औषध म्हणून.

"आगं, किती गार लागून राह्यलं," केशरबाई म्हणाली.

"लागू दे. पण उद्या दवाखान्यात चालायचं. नुसत्या मलमावर भागवायचं न्हाई."

मित्रांनो, माझं पोट आता रिकामं आहे आणि मन भरलेलं आहे. मला जरूर वापरा, थकल्या पायांना मी आहेच. पण दुखणं लपवायला माझा आडोसा घेऊ नका. आणि आज घरी गेलात की आईला एकदा विचारा, तुझं काय दुखतं? विचारल्याशिवाय ती सांगायची नाही.