दहा आकडे दम धरा

मी लूप बोलतोय. नाव ऐकून बोध झाला नसेल तर मनाला लावून घेऊ नका, नारायण पेठेत ज्याने मला विकलं त्यालाही माझ्याबद्दल फारसं ठाऊक नव्हतं. एक धातूची दांडी, तिच्या टोकाला बोटभर तार आणि तारेच्या टोकाला मोहरीएवढा वाटोळा फास. झालं, एवढाच मी.

सूक्ष्मजीवशास्त्रवाली माणसं मला बर्नरच्या ज्योतीत लाल होईपर्यंत तापवतात, म्हणजे माझ्या अंगावरचे जंतू मरतात. मग मला गार होऊ देतात, माझ्या फासात नमुन्याचा थेंब उचलतात आणि प्लेटमधल्या जेलीवर रेघा ओढत तो पसरवतात. जंतू असतील तर दुसऱ्या दिवशी ठिपके उगवतात, नसतील तर प्लेट कोरी राहते. यातलं 'गार होऊ देतात' हे तेवढं नीट लक्षात ठेवा.

मला विकत घेतलं पूर्णिमा वानखडेने, सत्त्याण्णव साली. मुलगी कारंजाची. अमरावतीला बी.एस्सी. करून एम.एस्सी.साठी पुण्यात आलेली. कॉलेजातल्या लूपांची तोंडं वापरून वापरून वाकडी झाली होती, म्हणून स्वतःचा घ्यायला आली. तिने मला उजेडात धरलं, फिरवलं, फास नीट मिटलाय का ते पाहिलं. दुकानदार म्हणाला, "अहो, लूप आहे तो, स्थळ नाही. घ्यायचा तर घ्या." आपण पुण्यात आलोय हे तिला त्याच दिवशी पक्कं कळलं.

पहिल्याच प्रॅक्टिकलला बाईसाहेबांनी मला लालबुंद केलं आणि तसंच थेंबात बुडवलं. चर्र झालं. थेंबातले सगळे जंतू जागच्या जागी मेले आणि दुसऱ्या दिवशी प्लेट कोरी निघाली. तिला वाटलं, आपल्याला काही येत नाही. तिथे सोनबा नावाचे अटेंडंट होते, मांजरी गावाकडचे. त्यांच्या हाताखालून वीस बॅचा गेल्या होत्या. ते बाटल्या धुता धुता म्हणाले, "पोरी, तापलेलं हाय ते. धा म्हण, मंग लाव." हेच सरांनी फळ्यावर इंग्रजीत लिहून दिलं होतं, पण डोक्यात शिरलं ते सोनबांचं. तेव्हापासून ती मला ज्योतीतून काढली की ओठ हलवत दहा मोजायची. मलाही त्या दहा आकड्यांची सवय झाली.

एम.एस्सी. संपली आणि तिची खरी परीक्षा सुरू झाली. तेव्हा पुण्यात ज्याला त्याला कम्प्युटरने झपाटलं होतं. विश्रांतवाडीला एका खोलीत ती आणि तिची मैत्रीण प्रियदर्शनी राहायच्या. प्रियदर्शनी तिच्याच वर्गातली, पण पास होताच सॉफ्टवेअर कंपनीत गेली आणि दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायला लागली. पूर्णिमाचे वडील नागोराव शाळेत क्लार्क होते. दर रविवारी ते एसटीडी बूथवरून घरमालकांकडे फोन करायचे आणि म्हणायचे, "बाई, इथं सारे पोट्टे कम्प्युटर करून राह्यले. तू जंतूच मोजत बसशील काय?" ती म्हणायची, बघते बाबा.

शेवटी तिला नोकरी लागली. लोणी काळभोरच्या पुढे दुधाची भुकटी करणारा एक कारखाना होता, तिथल्या प्रयोगशाळेत. सहा महिने प्रोबेशन, मग कायम. बापलेकीत करार झाला: कायम झाली तर हीच लाइन, नाही झाली तर मुकाट्याने कम्प्युटर. अशा कराराला लेकी हो म्हणतात, कारण आपण हरू असं त्यांना वाटतच नाही. तिथल्या लूपच्या दांड्या ढिल्या होत्या, म्हणून तिने मला सोबत नेलं.

पाच महिने सगळं ठीक चाललं. सहाव्या महिन्यात तो दिवस उजाडला.

बाबांचं मन राखावं म्हणून तिने स्टेशनजवळच्या एका कम्प्युटर क्लासचा फॉर्म आणला होता. भरायची ती शेवटची तारीख होती. कंपनीची बस साडेपाचची, आणि पाच वाजता सहा नमुने आले. भुकटीत टायफॉइडच्या भावकीतले जंतू आहेत का ते बघायचं होतं. सहा नमुन्यांच्या सहा प्लेटा आणि एक सातवी. या सातवीवर मुद्दाम कल्चर, म्हणजे राखून वाढवलेले जिवंत जंतू लावतात, तिला कंट्रोल म्हणतात. तिच्यावर ठिपके यायलाच हवेत. ती कोरी राहिली तर समजायचं, परीक्षाच फसली.

त्या दिवशी ती दहा मोजत नव्हती, तीन मोजत होती. मी प्रत्येक थेंबात चर्र करत होतो. याहून मोठ्याने मला ओरडता येत नाही. पंखा घरघरत होता हे खरं, पण तिने ऐकलं होतं. ऐकलं आणि कानाआड केलं. ती माझी लाडकी असली तरी हे मी झाकणार नाही. बस मिळाली, फॉर्म भरला गेला.

दुसऱ्या दिवशी प्लेटा बाहेर काढल्या. सहाही नमुने कोरे. बाहेर ट्रक भरून उभा होता, आता फक्त तिची सही हवी होती. मग तिने सातवी प्लेट उचलली. तीही कोरी.

तिचे साहेब दिग्विजय सर. माणूस वाईट नव्हता, घाईतला होता. त्यांनी प्लेटा बघितल्या आणि म्हणाले, कंट्रोलचं कल्चर जुनं झालं असेल, मेलं असेल. सॅम्पल क्लीन आहेत ना? मग कंट्रोलपुढे 'सॅटिस्फॅक्टरी' लिही आणि सोड. वर आठवणही करून दिली, की पुढच्या आठवड्यात तुझं कायम झाल्याचं पत्र टाइप होतंय.

मी तिच्या एप्रनच्या खिशात होतो. तिने मला मुठीत धरलं. एक, दोन, तीन असं करत ती सावकाश दहापर्यंत गेली.

"सर, कल्चर जुनं नाही," ती म्हणाली. "मी लूप गार होऊ दिला नाही. सातही प्लेटा वाया गेल्या आहेत. मी सही करू शकत नाही."

अहो, मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आणि लगेच भीतीही वाटली.

फ्रिजमधले नमुने काढून तिने पुन्हा प्लेटा लावल्या, या वेळी दरवेळी पूर्ण दहा. ट्रक एक दिवस उभा राहिला, गिऱ्हाइकाने फोनवरून सगळ्यांचा उद्धार केला. दुसऱ्या दिवशी कंट्रोलवर गच्च ठिपके आले. आणि सहाही नमुने? कोरेच. पहिल्यापासून स्वच्छच होते ते. एखादा जरी खराब निघाला असता तरी तिची लाज राखली गेली असती. आता मात्र सगळ्या कारखान्यात एकच बोललं गेलं: चूक हिची, खोळंबा आपला, आणि निघालं काय तर काही नाही.

पुढच्या आठवड्यात पत्र आलं, सेवेची आवश्यकता नाही असं. अनुभवाच्या दाखल्यावर नुसत्या दोन तारखा होत्या. काम समाधानकारक वगैरे काही नव्हतं. ती बसमध्ये तोंड खिडकीकडे करून रडली. मी पर्समध्ये होतो, माझा काही उपयोग नव्हता.

नागोराव करार विसरले नव्हते. पण ती म्हणाली, बाबा, तीन मुलाखती देते, नाहीतर तुम्ही म्हणाल ते. सगळीकडे बायोडाटा वाचून एकच बोट एकाच ओळीवर थांबायचं: सहाच महिने का? प्रियदर्शनीने पढवून ठेवलं होतं, सांग, चांगल्या संधीसाठी सोडली. दोन ठिकाणी तिने तसं सांगितलं. समोरचे हसले आणि कळवतो म्हणाले.

तिसरी मुलाखत सलाइन बनवणाऱ्या कंपनीत होती. समोर कुसुम मॅडम, प्रयोगशाळेच्या प्रमुख, केस पांढरे, चष्मा नाकावर. तोच प्रश्न. पूर्णिमाने पर्समध्ये हात घातला, मला चाचपलं, आणि मग सगळं सांगितलं. तीन आकडे, चर्र, बस, सातवी प्लेट, सगळं.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे नमुने पहिल्यापासून स्वच्छच होते. मग नोकरी घालवून मिळवलंत काय?"

पूर्णिमाचे ओठ किंचित हलले. ती मोजत होती, हे तिथे फक्त मला ठाऊक होतं.

"मॅडम, पहिल्या दिवशी ते स्वच्छ आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही."

मॅडमनी बायोडाटा मिटला. "लूप तापवल्यावर किती मोजता?"

"दहा."

"आमच्याकडे पंधरा मोजतात," मॅडम म्हणाल्या. "सोमवारी या."

नागोरावांनी फोनवर विचारलं, कम्प्युटरात काय? ती म्हणाली, नाही बाबा, जंतूतच. मग ते म्हणाले, "बरं. जेवत जाय वेळेवर."

याला आता चौथं वर्ष. पूर्णिमा तिथे कायम आहे. मी मात्र रिटायर झालोय. हल्ली प्लास्टिकचे निळे लूप आलेत, एकदा वापरा आणि टाका. त्यांना तापवायचं नाही, गार करायचं नाही, काही मोजायचं नाही. गुणी पोरं आहेत, पण चर्र करायची अक्कल त्यांना कुठली? मी तिच्या घरच्या ड्रॉवरमध्ये पेन आणि स्टेपलरच्या शेजारी पडून असतो. तार काळी पडलीये, फास अजून मिटलेला आहे.

जाता जाता एवढंच मागतो. कोरी प्लेट दिसली की लगेच खूश होऊ नका, आधी सातवी बघा. आणि हातातलं काही तापलेलं असेल, वस्तू म्हणा किंवा डोकं, तर दहा आकडे दम धरा.

परवा तिने वरच्या जागेसाठी बायोडाटा नवा टाइप केला. शेजारी बसलेली प्रियदर्शनी म्हणाली, आता ते सहा महिने काढून टाक, कोण विचारतंय? पूर्णिमाने बोट त्या ओळीवर ठेवलं आणि ओठ हलवत दहा मोजले. मग ओळ तशीच ठेवून तिने प्रिंट काढली.