तबकडीवर सांडलेली दारू

त्या आठवड्यात मी यंत्राला इतक्या शिव्या घातल्या की ते माणूस असतं तर घर सोडून गेलं असतं. कारण एकच: दांडा ओढला की मधूनच तबकडीवर दारू सांडायची. बंदुकीची हो. दुसरी मी सांडत नाही.

माझं काडतुसं भरायचं यंत्र गॅरेजमध्ये आहे. दांडा खाली ओढला की गोल तबकडी एक घर पुढे सरकते. एका घरात रिकाम्या पितळी पुंगळीच्या बुडाला ठिणगी देणारी टोपी बसते, पुढच्या घरात वरच्या भांड्यातून नरसाळ्यावाटे दारू पडते, त्याच्या पुढच्यात गोळी दाबली जाते. सगळी घरं एकाच वेळी कामाला. लय लागली की दर ओढीला एक तयार काडतूस डब्यात टणकन पडतं, आणि त्या आवाजानं माणूस जरा शेफारतो.

माझी मुलगी मारेन गावच्या दवाखान्यात नर्स आहे. नऊ वर्षं सोडतीत अर्ज टाकून यंदा तिला ब्रेक्सच्या ओसाड दऱ्याखोऱ्यांतल्या एल्कच्या, म्हणजे मोठ्या सांबराच्या, शिकारीचा परवाना लागला. शनिवारी उजाडताच शिकार सुरू होणार होती. तिच्यासाठी मी पन्नास काडतुसं भरायला घेतली. नेहमीची दारू दुकानात संपलेली. दुकानदारानं दुसरी दिली, तीही चांगलीच, पण दाणा लांब, पेन्सिलीच्या शिशाचे तुकडे करावेत तसा.

पहिल्यांदा दारू सांडली तेव्हा मी ब्रशनं झाडली. तिसऱ्यांदा सांडली तेव्हा ठरवून टाकलं की तबकडी झटक्यानं थांबते आणि भरलेली पुंगळी हिंदकळते. मग तबकडीखालची स्प्रिंग सैल केली, टेबलाच्या पायाखाली रबर घातलं, दांडा दमानं ओढायला लागलो. सांडणं कमी झालं. दर दहावं काडतूस तराजूवर ठेवायची माझी शिस्त आहे. तेवढी वजनाला चोख निघाली. मला वाटलं, जिंकलो. पन्नासातली वीस गुरुवारी दुपारी मारेनच्या हातात दिली आणि ती नवऱ्याबरोबर, टेटबरोबर, ट्रेलर जोडून गेली.

शुक्रवारी सकाळी शेजारची लवोन चोकचेरी या रानफळाच्या पाकाची बाटली घेऊन आली. लवोन अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तीस वर्षं शाळेची बस चालवली आणि माझ्या आधीपासून काडतुसं भरते, हे ती दर भेटीत ऐकवते. बाटली ठेवायला जागा शोधताना तिची नजर तबकडीवर गेली. कडेला थोडे दाणे राहिले होते.

मी आपण होऊन सांगितलं की तबकडी झटका देते, वय झालं बिचारीचं.

"वय तुझं झालंय," ती म्हणाली. "दर ओढीला थोडी थोडी सांडायची, की मधूनच एकदम ढीग?"

मी आठवून पाहिलं. मधूनच, आणि ढीग.

"मग झटक्यावर कशाला खापर फोडतोस, आर्विड? झटक्यानं सांडली असती तर प्रत्येक पुंगळीतून सांडली असती. हा लांब दाणा नरसाळ्यात तटतोय. एका पुंगळीत पडतच नाही, पुढचीत दोघींची पडते. तिच्यात मावेना म्हणून सांडली. ती तू झाडून घेतलीस. पण आधीचीचं काय?"

मी सगळा वेळ तबकडी बघत होतो. पुंगळीच्या तोंडात वाकून एकदाही पाहिलं नव्हतं. ज्या पुंगळीत दारूच नाही, तिची नुसती टोपी उडते. तेवढ्या जोरानं गोळी बंदुकीच्या नळीत शिरते आणि तिथंच अडकते. मागून दुसरं काडतूस उडवलं की बंदूक हातात फुटते, गालाला टेकलेली असताना.

उरलेली तीस आम्ही एकेक करून तराजूवर ठेवली. लवोन ठेवायची, मी आकडा वाचायचो. दोन हलकी निघाली, इतकी हलकी की तराजूही नको होता. गोळी उपटून पुंगळी उलटी केली तर कागदावर पाचसहा दाणे पडले.

मारेन होती तिथं फोन लागत नाही. मी किल्ल्या उचलल्या आणि ट्रकच्या दाराला घराची किल्ली लावायला लागलो, तेव्हा लवोननं त्या माझ्याकडून काढून घेतल्या. विनिफ्रेड गावापुढे कच्चा रस्ता लागतो. त्यावर तिनं माझा ट्रक असा हाणला की या बाईच्या बसमधली पोरं जिवंत कशी उतरली कोण जाणे. मी वाटेत तिचे आभार मानले. सरळ म्हटलं, तू आली नसतीस तर मी उद्या दिवसभर मारेनच्या फोटोची वाट बघत खुर्चीत बसलो असतो. ती म्हणाली, आभार परतताना मान, आत्ता खड्डे सांग.

त्यांच्या तळावर पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मारेन आणि टेट तंबूबाहेर एकमेकांकडे पाठ करून बसले होते. ट्रकच्या मागच्या फळीवर, घोंगडीवर बंदूक होती. तिचा बोल्ट, काडतूस आत ढकलणारा मागचा खटका, काढून बाजूला ठेवलेला.

मी उतरलो. टेट उठून माझ्याकडे तक्रार घेऊन आला. बाराच्या सुमाराला नेम तपासायला मारेननं एक बार टाकला, तो नुसता फुस्स झाला. हा म्हणाला, काडतूस सर्दावलं असेल, दुसरं घालून उडव. ती काही ऐकेना. तेव्हापासून तीन तास अबोला.

लवोननं काही न विचारता नळीत तोंडाकडून सळई घातली. सळई अर्ध्या वाटेवर गोळीला टेकून थांबली.

टेटचा चेहरा उतरला.

मी मारेनला विचारलं की दुसरं का उडवलं नाहीस.

"बाबा, बारा वर्षांची असल्यापासून तुझीच काडतुसं वापरतेय मी," ती म्हणाली. "टेट म्हणत होता काडतूस खराब. मी म्हटलं, बाबाच्या हातचं काडतूस खराब निघणं शक्यच नाही. म्हणजे बंदुकीतच काहीतरी बिघडलंय. म्हणून हात लावला नाही."

माझे डोळे भरून आले. देवाचे, लवोनचे, आजवर धड भरल्या गेलेल्या प्रत्येक काडतुसाचे उपकार मला एकदम आठवले. पण आभार मानण्याआधी खरं सांगणं भाग होतं.

"बंदूक ठीक आहे, मारेन," मी म्हणालो. "काडतूसच खराब होतं. माझ्याच हातचं."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग सळईकडे. मग उठून जवळ आली आणि तिनं मला दोन्ही हातांनी मिठी मारली. दोन्ही धडधाकट हातांनी.