माझ्या नावावर दुसरीच बसवली

मित्रांनो, मी जुनी आहे, पण भंगारात जमा झालेली नाही, हे आधीच ठणकावून सांगते. मी सोलापूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातली लायब्ररी. पुस्तकांची नव्हे, संगणकातली. म्हणजे अनेक प्रोग्रॅमना सामाईक लागणारी एक फाईल. लॅबमधले आठ संगणक मिळून एकच मोठं गणित सोडवतात, तेव्हा एकाचा निरोप दुसऱ्याला पोचवते ती मी.

लॅब सांभाळणाऱ्या कल्लप्पामामांनी आठ वर्षांपूर्वी मला घडवलं आणि आठही संगणकांवर बसवलं. तेव्हा काय माझं कौतुक! पुढं मामा निवृत्त झाले आणि सगळे मला विसरले.

यंदा शेवटच्या वर्षाला असलेल्या, कुंभारी गावच्या चंद्रिकानं प्रोजेक्टसाठी पत्र्याची घरं उन्हात किती तापतात, याचं गणित मांडलं. तिची आई सुंदरम्मा तसल्याच घरात बसून विड्या वळते. प्रोग्रॅम तयार करताना त्यात माझं नुसतं नाव नोंदलं जातं. चालताना प्रत्येक संगणकानं मला आपल्याकडं शोधायचं, अशी रीत. चंद्रिकानं तोवर लॅबमधल्या आपल्या एकाच संगणकावर चालवून पाहिलं होतं, तिथं मी होते. परीक्षेच्या सकाळी बाकीचे सात म्हणाले, सापडत नाही. जागा मोकळी करायच्या नादात मामांच्या जागी आलेले महेश्वर सर मला तिथून पुसून बसले होते!

मग घाईघाईत सरांनी त्या सातांवर निरोप पोचवणाऱ्या एका नव्या लायब्ररीलाच माझं नाव लावलं. माझ्या अंगाची नुसती लाही झाली. प्रोग्रॅम सुरू झाला आणि निम्म्यात कोसळला. अकराला परीक्षक येणार होते. नाही चाललं तर पोरीचं वर्ष वाया.

तिनं मामांना फोन लावला. मामा म्हणाले, "नाव सारखं असून काय व्हतंय? आतलं काम येगळं हाय की. जुनीच ठेव सगळीकडं. आन ती कुणावर टेकलीय, तेबी बघ."

तिनं बघितलं. मीही एका चिमुकल्या फाईलवर टेकलेली, मित्रांनो, आणि तीही पुसली गेली होती. चंद्रिकानं आम्हा दोघींना सातही ठिकाणी नेलं आणि प्रोग्रॅमला आमचा पत्ता दिला. आठही संगणक कामाला लागले. परीक्षकांसमोर नकाशा उमटला, त्यात सुंदरम्माची गल्ली दुपारी तीनला सगळ्यात तापलेली निघाली. पोरगी पास झाली.

संध्याकाळी सर म्हणाले, आता ही जुनी काढून टाक. चंद्रिका जागची हलली नाही.

"सर, हिच्यावर कोण कोण चालतंय ते आधी बघू. मग पुसू."

शोधलं तर आणखी सहा प्रोग्रॅम निघाले. सर उठून निघून गेले.

मित्रांनो, मला देव्हाऱ्यात बसवू नका. पुसायचं तर खुशाल पुसा. पण आधी विचारा, हिच्यावर कोण उभं आहे? उत्तर मिळेपर्यंत मी इथून हलणार नाही.