कॅप्टन शार्दूल काही मरेना

"या भागात शार्दूलला असा मारतो, की हाड सापडणार नाही," रेणुकादास सरांनी शर्टाच्या खिशाला पेन लावत जाहीर केलं.

"मागच्या भागातबी हाड सापडणार नव्हतं," त्यांच्या पत्नी सौदामिनीबाई मेथी निवडत म्हणाल्या. "अख्खा सापडला."

नांदेडच्या एका शाळेत मराठी शिकवणारे रेणुकादास सर बारा वर्षं 'अंतराळवीर कॅप्टन शार्दूल' ही मालिका लिहीत होते. एकोणसाठ भाग झाले होते. सुरुवातीलाच लातूरच्या वीरण्णा प्रकाशकांनी करार केला होता, की शार्दूल जिवंत असेपर्यंत सरांनी दुसरं काहीही लिहायचं नाही. तेव्हा सरांना तो सन्मान वाटला होता.

विसाव्या भागात ग्रह संपले. मग सर एसटी स्टँडवरच्या पाट्या उलट्या वाचून नवे ग्रह काढू लागले. नायगावचा वगायना झाला, किनवटचा टवनकी. टवनकीवर घनदाट जंगल निघालं. एकाच राजकन्येशी शार्दूलचं तीनदा लग्न झालं, तिन्ही वेळा पहिल्यांदाच. कुणाचंही पत्र आलं नाही.

पंचविसाव्या भागाला सर हात जोडणार होते, तेवढ्यात भूकंप झाला. महिनाभर लातूरकरांना घरात जायची भीती वाटायची. पत्र्याखाली बसून त्यांनी शार्दूल वाचला. खप तिप्पट झाला. अशा वेळी आपल्याला कंटाळा आलाय, हे सांगायची सरांना लाज वाटली.

पुढं लातुरात जिकडंतिकडं क्लासेस निघाले. वीरण्णांनीही छापखान्याच्या माडीवर एक काढला. चुकीचं विज्ञान छापलं तर आपल्याच पोरांचे मार्क जातील, म्हणून शार्दूलचं हस्तलिखित फिजिक्सच्या सुदर्शन सरांकडं तपासायला जाऊ लागलं.

अठ्ठावन्नाव्या भागात सरांनी शार्दूलला कृष्णविवरात ढकललं. समासात लाल शेरा आला, 'एवढ्या अंतरावरून यान सहज निसटते.' निसटलं. एकोणसाठाव्यात यानाला बाहेरून आग लावली. 'निर्वातात आग लागत नाही.' विझली.

"त्या लाल पेनवाल्याला त्याच्याच गणितात गाडतो," सर म्हणाले. आणि सहा महिने दर रविवारी लातूरला जाऊन सुदर्शन सरांच्या क्लासात शेवटच्या बाकावर बसले. पहिल्या चाचणीत सात मार्क पडले. शेवटच्या चाचणीत ब्याण्णव.

साठाव्या भागात शार्दूल चाळीस किलोमीटरवरून, पॅराशूटशिवाय, खडकावर पडला. खडकावर त्या ग्रहाचा कंजूष राजा उभा होता. त्याच्या मिशा हुबेहूब वीरण्णांसारख्या होत्या. अकरा पानं नुसतं गणित होतं. सुदर्शन सरांनी तीन दिवस तपासलं आणि खाली लिहिलं, 'बरोबर.'

भाग छापून झाल्याचं कळताच सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. उमरीच्या स्टेशनमास्तरवरची कादंबरी बारा वर्षं डोक्यात होती. तिच्यासाठी कोऱ्या कागदांचा गठ्ठा आणला. पहिलं वाक्य लिहिलं, तोच फोन वाजला.

"सर, एकसष्टावा कधी देऊन राहिले?" वीरण्णा होते.

"अप्पा, शार्दूल मेला. तुम्हीच छापलाय."

"या की लातूरला. बसून बोलू."

सर गेले. सुदर्शन सरही तिथंच बसले होते. टेबलावर साठाव्या भागाचे चार गठ्ठे होते. सेट अ, ब, क, ड.

"तुमचं गणित लई आवडलं," वीरण्णा म्हणाले. "पोरांना चाचणीलाच लावलं ना पुस्तक. आता शेजारच्याचं बघून लिहितात म्हणून आपण चार सेट काढतो, आकडे बदलून. सेट डमध्ये शार्दूल चार मीटरवरून पडलाय."

सरांनी सुदर्शन सरांकडं पाहिलं.

"चार मीटरवरून पडून काय होतंय सर," सुदर्शन सर म्हणाले. "खरचटतं. इंजेक्शन घ्यावं धनुर्वाताचं."

"बाकीच्या तीन सेटांत तर मेलाय ना?"

"हाव, मेलाय की. चांगला मेलाय," वीरण्णा म्हणाले. "पण करारात लिहिलंय जिवंत असेपर्यंत. एका सेटात हाय न्हवं जिवंत?"

"आणि राजा? तो तरी दबला का?"

"तो पॅरा मीच काढला. माणूस लई ओळखीचा वाटला."

करार समोरच पडला होता, दोन पानं पिन मारलेली. रेणुकादास सरांनी तो उचलला, चुरगाळला आणि तोंडात कोंबला. वीरण्णांनी अडवलं नाही. सुदर्शन सरांनी पाण्याचा पेला पुढं केला.

"सावकाश चावा," वीरण्णा म्हणाले. "घाई न्हाई."

शेवटचा घास उतरल्यावर सरांनी तोंड पुसलं आणि बारा वर्षांत पहिल्यांदा वीरण्णांच्या समोर पाय पसरून बसले.

सरांनी खाल्ली ती झेरॉक्स होती. पिनेसाठी त्यांना दोन दिवस दवाखान्यात ठेवलं.