पाठीवरचा बिरान

मी एक पाटी बोलते आहे. निळ्या एनॅमलवर पांढरी अक्षरे: 'गव्हर्नर व्हाल्मोरेल मार्ग'.

फ्रान्समधील एका भट्टीत मी भाजले गेले. त्याच साहेबाच्या नावाच्या माझ्या दोन बहिणी माझ्याबरोबरच बोटीने समुद्रापारच्या फ्रेंच वसाहतीत, सेंत-लुईसला आल्या. एक पुलावर गेली, दुसरी शाळेवर. मला ह्या गल्लीत ठोकले ते बिरान जोपने. रस्त्याच्या कामासाठी वेठीस धरून आणलेला तो तरुण फ्रेंच अक्षर जाणत नव्हता, म्हणून मुकादमाने त्याला निरक्षर ठरविले. मात्र मदरशात शिकलेल्या अरबी वळणाने त्याने खिळ्याच्या टोकाने माझ्या पाठीवर काही ओरखडले, आणि मगच मला भिंतीशी भिडविले.

त्या दिवसापासून मला चैन नाही.

पुढे बिरान त्याच कामावर दरडीखाली गेला. त्याचा मुलगा मागेत तेव्हा आईच्या पोटात होता. आज ऐंशीचा मागेत माझ्याखालीच शिवणयंत्र चालवतो. गल्लीला बापाचे नाव मिळावे म्हणून त्याने नगरपालिकेकडे अकरा वर्षे अर्ज केले. उत्तर ठरलेले: 'सदर इसमाची नोंद आढळत नाही.' तो ते मोठ्याने वाची, आणि मी भिंतीला पाठ लावून तळमळत असे.

समोर मासे तळणारी कुंबा न्जाय, जोप आणि न्जाय कुळांतल्या जुन्या थट्टेच्या रीतीने, त्याला डिवचे, "आमच्यात ज्याचं नाव बाळाला ठेवतात, तो निदान बारशाला कापड तरी आणतो. ह्या गव्हर्नरानं पूल, शाळा, गल्ली, तिघांना नाव दिलं. एक चिंधी तरी धाडली का?"

"धाडली असती, तर तुम्हा न्जायांनी तिनं कढई पुसली असती," मागेत म्हणे.

गेल्या महिन्यात पालिकेचा माणूस एका मंत्र्याच्या नावाची नवी पाटी घेऊन आला. त्याने मला उचकटले आणि भंगाराच्या गाडीत भिरकावले. नाव वर, पाठ खाली!

"थांब रे! पत्रा चांगला आहे, मासे वाळवीन त्यावर," म्हणत कुंबाने मला ओढून घेतले, पालथे केले, पदराने पुसले. तिचा हात थबकला.

"अरे जोपा, भात गिळणं पुरे. इकडे ये, हे वाच."

मागेतने चष्मा चढविला. बोट ओरखड्यांवरून उजवीकडून डावीकडे सरकले. "ही पाटी... बिरान जोपने लावली."

मग कुंबा पालिकेच्या माणसाला म्हणाली, "तुझा मंत्री घेऊन जा. खिळे मात्र ठेव."

आता मी त्याच चार भोकांतून उलटी टांगलेली आहे. साहेब भिंतीकडे, बिरान गल्लीकडे. गल्लीच्या नावावर पालिकेचा निर्णय यायचा आहे. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने मात्र माझ्या उघड्या पाठीला गंज धरला असून पहिले अक्षर पुसट होऊ लागले आहे. वाचकहो, इकडून जाल तर ते नाव कागदावर उतरवून घ्या. मागेत रोज तेल चोळतो, पण गंज थांबत नाही.