शुक्रवारची पाठवणी

सुधीरनं ट्रक शुक्रवारचा ठरवला आणि शोभानं तोंडातून ब्र काढला नाही. खरं तर काढायला हवा होता. अंबरपेठेतल्या त्या गल्लीत कुणालाही विचारा, घरातल्या लेकीला शुक्रवारी उंबऱ्याबाहेर पाठवत नाहीत. लक्ष्मी तिच्या मागोमाग निघून जाते म्हणे. खाली राहणारी घरमालकीण अंडाळम्मा तर या बाबतीत महाकडक. शोभा लातूरला भावाकडे निघाली आणि वार शुक्रवार असला, की अम्मा जिन्यात आडवी उभी. "नक्को बिड्डा, कल जाओ." बिड्डा म्हणजे लेकरू. एकदा तर भाच्याचा साखरपुडा उरकल्यावर शोभा तिथं पोचली. चडफडली होती तेव्हा, पण मनातून सुखावलीही होती. आई गेल्यापासून तिला असं हक्कानं अडवणारं राहिलं होतं कोण?

आता मात्र अम्मा बोलत नव्हती. महिना होत आला. सुधीर सिकंदराबादच्या रेल्वे ऑफिसातून रिटायर झाला, लेकानं, कौस्तुभनं, पुण्यात फ्लॅट घेतला आणि आईबाबांनी आता तिकडंच यायचं ठरलं. हे सांगायला शोभा तेव्हा रोज संध्याकाळी खाली जायची. अंबाडीची भाजी निवडायची, टीव्हीतल्या सुनांना अम्माबरोबर शिव्या घालायची, ताक प्यायची आणि तशीच वर यायची. जीभच रेटत नव्हती हो! शेवटी सामान बघायला आलेल्या पॅकर्सच्या माणसानं खालची बेल वाजवून विचारलं, "उपरवाले घर खाली कर रहे ना अम्मा? कित्ता सामान होंगा?" झालं. अम्मानं दार लावून घेतलं, ते घेतलंच. मग तिच्या लेकाचा मेसेज आला, चाव्या शुक्रवारी अम्माकडे द्या. बास, एवढाच.

म्हणून शोभानं शुक्रवार तसाच राहू दिला. बघूच, म्हणाली मनाशी. अडवायला आली तर मी अजून तिची. नाही आली तर भाडेकरू होते, भाडेकरू चालले.

आणि मग ती घराच्या मागेच लागली. भिंतीतले खिळे उपटले, भोकं पुट्टीनं बुजवली. ओट्यामागच्या फरशांवरचा तेलाचा चिकटा सोडा टाकून घासला. माळ्यावर चढून कोपरे झाडले, पंख्याची पाती पुसली, बाथरूमची जाळीसुद्धा काढून धुतली.

"अगं, ते नंतर रंग देणारच आहेत," सुधीर म्हणाला. "भिंती कसल्या पुसतेस?"

"पुसू दे मला. एवढी वर्षं राहिलोय. घाण ठेवून गेली म्हणायला नको कुणी."

"कोण म्हणतंय?"

कुणीच म्हणत नव्हतं, हेच तर दुखत होतं. अम्मानं वर यावं, कमरेवर हात ठेवून "इत्ते डब्बे कायकू जमा करे गे" म्हणून खेकसावं, यासाठी शोभाचा जीव नुसता कासावीस झाला होता. जिन्यात जरा खुट्ट झालं, की हातातलं फडकं थांबायचं. कधी दूधवाला असायचा, कधी गल्लीतली मांजर. गुरुवारी दुपारी खालून लसणाच्या फोडणीचा वास आला. त्या वासापाठोपाठ वाटी वर यायची, हा वर्षानुवर्षांचा नेम. शोभानं ताट वाढून घेतलं आणि बराच वेळ नुसती बसून राहिली. वाटी आली नाही. मग ती वरण-भात जेवली.

शुक्रवारी सकाळी माणसं आली. फ्रीज गेला, कपाट गेलं, पलंग सुटा होऊन गेला. घरात बोललं की आवाज घुमायला लागला. खालचं दार बंद ते बंदच. सुधीर रिक्षा बघायला बाहेर पडला आणि तेवढ्यात अम्मा वर आली.

अम्मानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ आत गेली. एकेक नळ सोडून बघितला, बटणं खटाखट दाबली, खिडक्यांच्या कड्या लावून काढल्या. भिंतीवरून हात फिरवला.

"गीझर?"

"चलता, अम्मा."

"चाबी."

शोभानं चाव्या तिच्या तळहातावर ठेवल्या. अम्मानं त्या पदराच्या टोकाला बांधल्या आणि कठडा धरत धरत खाली गेली. शुक्रवारचा एक शब्द नाही! शोभा रिकाम्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. आपण कोण लागत होतो तिच्या? कुणी नाही. उगीच स्वतःला लाडावून ठेवलं होतं. तिनं नळाखाली तोंड धुतलं, पिशवी उचलली आणि दार ओढून घेतलं.

खाली गेटला आतून कुलूप. पायरीवर अम्मा बसलेली. गेटबाहेर सुधीर, त्याच्या मागे रिक्षा, आणि ट्रक वळणावरून दिसेनासा होत होता.

"अम्मा, ट्रेन का टाइम होरा!" सुधीर गजांतून ओरडला.

"तुम जाओ. दामादकू शुक्रवार नहीं लगता."

"और सामान?" शोभानं विचारलं.

"सामान गया तो जान्दो. सामान किसकी बेटी नहीं रहता."

अगं बाई! शोभाला हसावं की भांडावं कळेना. मग ती भांडलीच. "तो महिनाभर कायकू नहीं बोले? चाबी कायकू ली मेरेसे?"

"गेट की चाबी उसमेंच थी. नहीं लेती तो सीधा निकल जाते तुम." अम्मानं पदरानं नाक पुसलं. "और तुम बोले क्या मेरेकू? वो सामानवाला बोला. मैं रोज दरवाजे के पीछे बैठती थी. अब आती, अब बोलती करके. आयेच नहीं तुम."

शोभा मटकन तिच्याशेजारी बसली. वर ती जिन्याकडे कान लावून होती, आणि खाली ही दाराला कान लावून! बाहेर सुधीरनं कपाळावर हात मारला आणि कौस्तुभला फोन लावला.

"कल जाऊं फिर?" शोभानं विचारलं.

"शनिवार अच्छा नहीं."

"परसो?"

"अमावास्या है."

"सोमवारकू?"

"सोमवारकू मैं खाली नहीं. दवाखाने जाना है मेरेकू." हे तिला आत्ताच सुचलं होतं, ते स्पष्ट दिसत होतं. "मंगलवार तो बिलकुल नक्को."

"और बुधवारकू, अम्मा?"

अम्मा पदराची गाठ चाचपत राहिली. बुधवारसाठी तिच्याकडे काहीच नव्हतं. पंचांगात नव्हतं, दवाखान्यात नव्हतं.

"बुधवारकू जाओ," ती हळूच म्हणाली. "पन मेरेकू बोलके नक्को जाओ, बिड्डा. मैं सोती रहूंगी. चुपचाप निकल जाओ."

शोभानं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. गेटबाहेर नवरा होता, रिक्षावाला होता, शेजारच्या गच्चीतून कुणी वाकून बघत होतं. बघेनात का! ती पोटभर रडली. आईच्या वेळेस जेवढं रडायचं राहून गेलं होतं, तेवढं सगळं रडली.

"बोलके जाऊंगी इस बार," ती म्हणाली. "तुम गेट नक्को खोलो."

"नहीं खोलती," अम्मा तिच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, आणि बुधवारी ते उघडावंच लागणार, हे दोघींनाही कळत होतं.