देवाळची झोप

कुलसारी गावात, पिंडर नदीच्या काठावर नंदादेवीची डोली चौघांच्या खांद्यांवर तयार होती आणि सरुलीच्या छातीत ढोलाहून मोठे ठोके पडत होते. देवीला आंघोळीसाठी पाण्यात उतरवायचं, तर आधी गाण्यातून सगळी पिंडर वाहायला हवी. बर्फातून निघून थेट कर्णप्रयागापर्यंत, एकही संगम न चुकता. हा मान तिच्या सासूचा, बचुलीचा. यंदा सासूचा आवाज गेला. सुनेला जमलं नाही तर पुढच्या साली गाणारी थरालीहून आणू, असं पंचांनी स्वच्छ सांगितलं होतं.

सरुलीने डोळे मिटून सूर लावला. हिमनदीच्या मुखातून पिंडर निघाली. द्वालीला कफनी नदी येऊन मिळाली, खातीखाली सुंदरढुंगा. खाती सरुलीचं माहेर. तिथे गळा असा भरून आला, की म्हाताऱ्यांनी हात जोडले. नदी पश्चिमेला वळली, आणि एकदम थरालीची प्राणमती नदीच आली!

बचुलीच्या हातातली ताल धरणारी काशाची थाळी थांबली.

"बौजी, नदी उडी मारून गेली की हो!" डोलीखालून दीर फतेसिंग ओरडला. "आमच्या खांद्यांची तरी दया करा!"

बायका फिसकन हसल्या. सरुलीला मधलं काही केल्या आठवेना. बचुली सुनेच्या कानाशी घोगरं पुटपुटली, "ब्वारी, तुला नवरी करून याच वाटेनं आणली. रडून रडून देवाळच्या आधी जी झोपलीस, ती थरालीत जागी झालीस."

"अगं बाई! म्हणजे तिथली कैल मी पाहिलीच नाही..."

"मला काय सांगतेस? देवीला सांग. आणि मधूनच नको धरू. नदी कधी मधून उगवते का? जा परत वर."

सरुली पुन्हा बर्फापाशी गेली. या खेपेला डोळे उघडे ठेवून, समोरच्या पाण्याकडे बघत ती खाली उतरली. देवाळला कैलनदीला तिने अशी हाक घातली, की ढोलवालाही डोलायला लागला. मग प्राणमती, नारायणबगड, सिमलीचा आटागाड ओढा. आणि कर्णप्रयागाला पिंडरने आपलं पाणी अन् नाव, दोन्ही अलकनंदेच्या ओटीत घातलं.

"जय नंदे!" डोली पाण्यात उतरली.

"झोप झाली ना, बौजी?"

"तुम्ही पाय सांभाळा भाऊजी, शेवाळ आहे!"

बचुलीने थाळी सुनेच्या हाती ठेवली. मग ताठ मानेने पंचांकडे वळून, उरल्यासुरल्या आवाजात म्हणाली, "थरालीला निरोप धाडा. पुढच्या साली ऐकायला या म्हणावं."